लंडनमधलं ज्यू सपोर्टेड लिव्हिंग: काउन्सिलच्या अर्जापासून कोशर स्वयंपाकघरापर्यंत

बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, अंधत्व किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या प्रौढ ज्यू व्यक्तीसाठी इंग्लंडमध्ये घर शोधताना बहुतेक कुटुंबं आधी संस्था बघतात आणि पैशांचं नंतर पाहू म्हणतात. क्रम उलटा हवा. मदतनिसांचे तास, सिनेगॉगला (ज्यू प्रार्थनास्थळाला) नेण्या-आणण्याचा वेळ, कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणाऱ्या, स्वयंपाकाला लागणारी मदत, हे सगळं काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) एका कागदावरून ठरतं: गरजांच्या मूल्यमापनावरून. त्या कागदावर धर्म 'आवडीनिवडी'च्या रकान्यात गेला की त्यासाठी एक तासही मंजूर होत नाही. तोच 'गरज' म्हणून उतरला तर मंजूर होऊ शकतो.

हे मार्गदर्शन अशा कुटुंबांसाठी आहे, त्यात तिकडे स्थायिक झालेली बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) कुटुंबंही आली. शिवाय अशा घरांत सपोर्ट वर्कर म्हणून रुजू होणाऱ्या मराठी माणसांनाही याचा उपयोग होईल. इथले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदा वेगळा आहे.

घराचा प्रकार आधी ठरवा

केअर होममध्ये राहणं आणि काळजी एकाच करारात येते. जागेवर भाडेकरूचा हक्क नसतो, आणि काउन्सिल खर्च उचलत असेल तर व्यक्तीच्या हातात वैयक्तिक खर्चापुरती थोडी रक्कम उरते. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये व्यक्ती भाडेकरू असते आणि मदतीचा करार वेगळा असतो. मदत करणारी संस्था बदलली तरी घर सुटत नाही, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. तिसरा प्रकार म्हणजे स्वतंत्र फ्लॅट आणि इमारतीत चोवीस तास हाऊस मॅनेजर. ज्यूइश ब्लाइंड अँड डिसेबल्ड ही संस्था शारीरिक अपंगत्व किंवा दृष्टिदोष असलेल्यांसाठी असे फ्लॅट चालवते. तिथला मॅनेजर अडीअडचणीला धावून येतो, पण रोजची आंघोळ घालणं किंवा कपडे चढवणं ही त्याची जबाबदारी नसते. ती काळजी बाहेरून लावावी लागते.

बौद्धिक अपंगत्व आणि स्वमग्नतेसाठी नॉरवूड ही सर्वांत जुनी संस्था, तिची मुळं १७९५ पर्यंत जातात. किशारोन आणि लँगडन या दोन संस्था २०२३ मध्ये एक होऊन किशारोन लँगडन झाली. लंडन आणि मँचेस्टर दोन्हीकडे तिचं काम आहे. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी चौकशी करून ठेवा. जागा बहुधा कुणी सोडून गेल्यावरच रिकामी होते, आणि रिकामी झाली तरी आधीच्या तीन-चार रहिवाशांशी जमेल असाच माणूस तिथे घेतला जातो.

शाळेत असतानाच सुरुवात करा

मुलाला शिक्षण, आरोग्य आणि काळजीची एकत्रित योजना मिळालेली असेल तर ती २५ वर्षांपर्यंत चालू राहू शकते. मोठेपणाची तयारी नववी इयत्तेपासून, म्हणजे मूल १३-१४ वर्षांचं असताना, तिच्या वार्षिक आढाव्यात यायला हवी. १८ पूर्ण होण्याआधीच केअर अ‍ॅक्ट २०१४ च्या कलम ५८ खाली मूल्यमापन मागता येतं. 'अठरा झाल्यावर बघू' असं कुणी सांगितलं तर लेखी विनंती द्या.

प्रौढांचं मूल्यमापन कलम ९ खाली होतं. त्यात दहा बाबी पाहतात: जेवण, स्वच्छता, शौच, कपडे, घरात सुरक्षित वावर, घर नीट ठेवणं, नाती टिकवणं, काम किंवा शिक्षण, परिसरातल्या सोयींचा वापर आणि मुलांचा सांभाळ. यांपैकी किमान दोन बाबी अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे जमत नसतील आणि त्याचा व्यक्तीच्या स्वास्थ्यावर ठळक परिणाम होत असेल, तर ती पात्र ठरते. 'जमत नाही' यात कष्टाने, भीतीने, धोका पत्करून किंवा खूप वेळ लावून जमणंही येतं. अभिमानापोटी आई-वडील नेमके इथेच चुकतात. 'तो सगळं करतो हो स्वतः' असं म्हणतात, आणि त्यामागे आईने दहा वेळा आठवण करून दिलेली असते हे सांगायचं राहून जातं.

धर्म या दहा बाबींत वेगळा नाही, म्हणून तो त्यांच्याच भाषेत मांडायचा. 'शनिवारी सिनेगॉगला जायला आवडतं' हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याऐवजी असं लिहा: 'सिनेगॉग ही घराबाहेरची एकमेव जागा जिथे त्याला लोक नावाने ओळखतात. रस्त्यावरचा धोका कळत नाही. गर्दी वाढली की बाहेर नेऊन शांत करावं लागतं. दर शनिवारी सकाळी सोबत एक माणूस, साडेतीन तास.' यात नाती, परिसरातल्या सोयी आणि सुरक्षितता या तिन्ही बाबी आल्या, वर तासांचा आकडाही. जेवणाचंही तसंच. 'कोशर खातो' एवढं पुरत नाही. 'पाकिटावरचं कोशर चिन्ह ओळखता येत नाही, दूध आणि मांस वेगळं ठेवायला शेजारी उभं राहून मदत लागते' असं लिहा. अंगावरची काळजी फक्त स्त्रीने किंवा फक्त पुरुषाने घ्यायची असेल तर तेही इथेच लिहा. हे नंतर तोंडी सांगितलं तर ड्युटीच्या वेळापत्रकात बसत नाही.

व्यक्तीला प्रक्रिया समजायला अडचण असेल आणि बाजू मांडायला योग्य असं कुणी नसेल, तर काउन्सिलने स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट द्यावा लागतो. आई-वडिलांचं स्वतंत्र मूल्यमापन कलम १० खाली होतं. तेही मागा.

दोन काउन्सिलांचा घोळ

समजा कुटुंब हॅरो काउन्सिलच्या हद्दीत राहतं आणि घर बार्नेट काउन्सिलच्या हद्दीत मिळालं. हॅरोने गरजा मान्य करून तिकडे सपोर्टेड लिव्हिंगची सोय केली, तर काळजीचा खर्च साधारणपणे हॅरोकडेच राहतो. पण जागा मिळेल या आशेने कुटुंबाने आधीच बार्नेटमध्ये खासगी खोली घेऊन मुलाला हलवलं, तर तो बार्नेटचा रहिवासी ठरू शकतो आणि मग दोन्ही काउन्सिलं एकमेकांकडे बोट दाखवतात. काळजीची योजना लेखी मंजूर होईपर्यंत पत्ता बदलू नका.

हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची सरकारी मदत) मात्र घर ज्या काउन्सिलच्या हद्दीत आहे तिथेच मागायचं, म्हणजे या उदाहरणात बार्नेटकडे.

घर निवडण्याचा हक्क नियमांत आहे. जागा गरजांना योग्य हवी, रिकामी हवी, खर्च मंजूर पर्सनल बजेटमध्ये (काउन्सिलने त्या व्यक्तीच्या काळजीसाठी ठरवलेल्या रकमेत) बसायला हवा आणि संस्थेला काउन्सिलच्या अटी मान्य हव्यात. खर्च जास्त असेल तर फरक नातेवाईक किंवा ट्रस्ट भरू शकतो. पण त्याला हो म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: या बजेटमध्ये गरजा भागवणारी दुसरी कोणती जागा उपलब्ध आहे? अशी जागा काउन्सिलला दाखवता आली नाही, तर बजेटच अपुरं आहे आणि ते वाढवायला हवं. फरक भरण्याचा प्रश्नच उरत नाही.

भाडं, बचत आणि सही

सपोर्टेड लिव्हिंगमध्ये भाडं बहुधा युनिव्हर्सल क्रेडिटमधून (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्यातून) न येता हाउसिंग बेनिफिटमधून येतं. घरमालक नोंदणीकृत धर्मादाय संस्था किंवा हाउसिंग असोसिएशन असेल आणि मदत त्याच्यामार्फत किंवा त्याच्या वतीने दिली जात असेल, तर जास्त भाडंही मान्य होऊ शकतं. घर एका संस्थेचं, मदत पूर्णपणे दुसरीची आणि दोघांत काहीच करार नाही, अशी मांडणी असली तर ही सवलत अडते आणि दर आठवड्याला तूट पडू लागते. म्हणून करार करण्याआधी घरमालकाकडून लेखी घ्या: हे घर कोणत्या नियमाखाली बसतं, सर्व्हिस चार्जमधला कोणता भाग बेनिफिटमध्ये येत नाही, आणि तो आठवड्याला किती पौंड. जेवण, स्वतःच्या खोलीची वीज आणि गॅस व्यक्तीलाच भरावं लागतं.

बचतीच्या मर्यादा दोन वेगळ्या आहेत आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात. काळजीच्या खर्चासाठी १४,२५० पौंडांपर्यंतची बचत धरत नाहीत. २३,२५० च्या वर गेली की पूर्ण खर्च स्वतःचा. युनिव्हर्सल क्रेडिट आणि कामाच्या वयातल्यांचं हाउसिंग बेनिफिट यांना १६,००० ची मर्यादा आहे. आजोबांनी प्रेमाने नातवाच्या नावावर ३०,००० पौंड ठेवले तर दोन्ही बेनिफिट बंद होतात. मृत्युपत्रात पैसे थेट नावावर न ठेवता डिस्क्रिशनरी ट्रस्टमध्ये (कधी आणि किती द्यायचं ते विश्वस्त ठरवतात) ठेवावेत, तेही या कामातला अनुभव असलेल्या सॉलिसिटरकडून (वकिलाकडून).

कोशर मांस महाग पडतं, पण तो 'अपंगत्वामुळे होणारा खर्च' म्हणून काउन्सिल वजा करेलच असं धरू नका. डायपर, जादा धुलाई, जादा हीटिंग यांच्या पावत्या मात्र जपून ठेवा. त्यांवर वजावट मागता येते.

आता सही. मूल १८ चं झालं की त्याच्या वतीने सही करण्याचा आई-वडिलांना आपोआप अधिकार नसतो. मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ प्रमाणे प्रत्येक निर्णयासाठी क्षमता वेगळी तपासतात. चित्रांच्या, सोप्या भाषेतल्या करारावरून समजत असेल तर व्यक्तीने स्वतः सही करावी. समजत नसेल तर कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची (निर्णयक्षमता नसलेल्यांची प्रकरणं पाहणाऱ्या न्यायालयाची) परवानगी लागते. बेनिफिटसाठी नेमलेला 'अपॉइंटी' भाडेकरारावर सही करू शकत नाही. यात महिने जातात, म्हणून जागा नक्की होण्याच्या सुमारासच अर्ज द्या. बाहेरचं दार कुलपात राहणार असेल आणि व्यक्तीवर सतत नजर राहणार असेल, तर ते स्वातंत्र्यावरचं बंधन ठरतं, आणि त्याला ती संमती देऊ शकत नसेल तर त्यासाठीही कोर्टाची मंजुरी लागते.

घर बघायला जाताना

चार वेळा जा: एकदा चहाला, एकदा जेवायला, एकदा रात्रभर मुक्कामाला आणि एकदा पूर्ण शब्बातला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाला. शेवटची भेट टाळू नका. मंगळवारी दुपारी छान वाटणारं घर शनिवारी दुपारी कंटाळवाणं किंवा तणावाचं असू शकतं, कारण टीव्ही बंद, बस नाही, आणि कामावर कमी माणसं.

केअर क्वालिटी कमिशनचा (काळजी सेवा तपासणाऱ्या संस्थेचा) अहवाल वाचा. पण सपोर्टेड लिव्हिंगमध्ये कमिशन मदत करणाऱ्या सेवेची तपासणी करतं, इमारतीची नाही. व्हीलचेअर असेल तर टेप घेऊन जा. दारातून मोकळी जागा ८५० मिमी आणि वळायला १५०० मिमी व्यासाचं वर्तुळ, ही व्हीलचेअरच्या घरांसाठीची मापं. बदल करायचे असतील तर डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट इंग्लंडमध्ये ३०,००० पौंडांपर्यंत मिळू शकते, भाडेकरूलाही.

एक गोष्ट ज्यू नसलेल्या सोशल वर्करच्या लक्षातच येत नाही: एरूव्ह. शब्बातला घराबाहेर वस्तू वाहून नेणं किंवा व्हीलचेअर ढकलणं धर्मनियमांत बसत नाही. खांब, तारा आणि भिंतींनी आखलेली एरूव्हची हद्द असेल तर आतल्या आत चालतं. वायव्य लंडनचा एरूव्ह २००३ पासून आहे आणि त्यात गोल्डर्स ग्रीन, हेंडन हे भाग येतात. नियम पाळणाऱ्या घरातली व्हीलचेअरवरची व्यक्ती एरूव्हबाहेर राहायला गेली तर तिची शनिवारची सिनेगॉगची वाट बंद होते. पत्ता हद्दीत आहे का ते नकाशावर पाहा, आणि तार तुटली नाही ना याची दर शुक्रवारी खात्री करण्याचं काम घरातल्या कुणाकडे तरी ठेवा.

तासांचा हिशोब

आठवड्यात १६८ तास असतात. चौघांच्या घरात एक माणूस चोवीस तास असला तर प्रत्येकाच्या वाट्याला ४२ तास 'शेअर्ड' येतात. त्यावर प्रत्येकाचे स्वतंत्र तास. चौथी खोली रिकामी राहिली तर तोच खर्च तिघांवर येतो, ५६ तास. अशा वेळी बजेट कोण वाढवणार हे करारात आहे का ते बघा. रात्री जागा माणूस हवा की घरात झोपलेला चालेल, हाही आकडा मोठा फरक करतो. अपस्माराचे झटके रात्री येत असतील तर त्यांची तारीखवार नोंद ठेवा. तोंडी सांगण्यापेक्षा ती वही जास्त काम करते.

स्वयंपाकघर

कोशरमध्ये मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मांस, दूध आणि दोन्हींत न मोडणारं 'पार्व्हे' असे तीन गट. रंग बहुतेक ठिकाणी असे: मांसाला लाल, दुधाला निळा, पार्व्हेला हिरवा. भांडी, सुऱ्या, कटिंग बोर्ड, स्पंज, भांडी पुसायचे टॉवेल, सिंकमधली जाळी, सगळं वेगळं. सिंक एकच असेल तर दोन वेगळे टब. नुसता रंग पुरत नाही. दिसत नसलेल्या व्यक्तीसाठी मांसाच्या भांड्यांना गोल मुठी आणि दुधाच्या भांड्यांना चपट्या, किंवा एका गटाच्या मुठीला रबरबँड. वाचता न येणाऱ्यासाठी कपाटाच्या दारावर आतल्या भांड्यांचाच फोटो.

मांस खाल्ल्यावर दूध किती वेळाने, हे घराण्यावर असतं. कुणी तीन तास थांबतात, कुणी सहा, डच वळणाची कुटुंबं एक. चौघांचे चार नियम असू शकतात, ते ज्याच्या त्याच्या योजनेत लिहा. एकाचं चहात दूध टाकणं दुसऱ्यावर लादलं जाता कामा नये.

मदतनीस ज्यू नसेल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, शिजवण्यात ज्यू व्यक्तीचा हात लागावा असा नियम आहे. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपीय ज्यूंच्या) रीतीत गॅस पेटवणं पुरेसं मानतात, सेफार्डी (मुळात स्पेनकडच्या ज्यूंची) रीत जास्त कडक आहे. म्हणून बटण रहिवाशाने फिरवायचं. घाईत मदतनीस स्वतः पेटवतो, आणि त्या व्यक्तीचं घरातलं खरं काम हिरावलं जातं. दुसरी, द्राक्षाची वाइन. 'मेवुशाल' (तापवलेली) नसलेली वाइन ज्यू नसलेल्याने ओतली तर नियमाने बाद होते. 'मेवुशाल' छापलेली वाइन किंवा तसाच द्राक्षरस घ्या. अपस्माराची औषधं घेणाऱ्याला रसच बरा.

चूक होणारच. दुधाचा चमचा गरम मटणात पडतो. भांडं आणि चमचा बाजूला ठेवायचा, चिठ्ठी लावायची (काय, कधी, गरम की थंड) आणि रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) फोन करायचा. पुष्कळदा उपाय निघतो. खरा बिघाड होतो तो बोलणी बसतील म्हणून मदतनीस गप्प राहिल्यामुळे. चूक सांगणाऱ्याला मॅनेजरने ओरडायचं नाही, एवढा नियम असला तर स्वयंपाकघर कोशर राहतं.

रहिवासी बेने इस्राएल असेल तर मेन्यूत त्याचं घर दिसायला हवं. नारळाचं दूध पार्व्हे असतं, त्यामुळे रायगडकडची नारळाच्या रसातली मटणाची आमटी सहज बसते. खवले आणि पर असलेला मासा चालतो, कोळंबी आणि खेकडा नाही. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळांचा मलिदा वर्षातून काही वेळा करायचा असेल तर तोही योजनेत लिहा. पूर्व युरोपीय वळणाच्या जेवणालाच 'ज्यू जेवण' समजलं जातं आणि कोकणातून आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे बेचव सूप मिळत राहतं. हे टाळता येण्यासारखं आहे.

शब्बात

बेने इस्राएलांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्याच शनिवारची सुरुवात शुक्रवारी सूर्यास्ताआधी होते. लंडनला डिसेंबरात मेणबत्त्या दुपारी साडेतीनच्या सुमारास लावाव्या लागतात, जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ड्युटी वर्षभर चार वाजता बदलत असेल तर हिवाळ्यात ऐन गडबडीत माणसं बदलतात. वेळापत्रक सूर्यास्ताप्रमाणे हलतं ठेवा.

मेणबत्त्या धातूच्या थाळीत, पडद्यापासून लांब, बेडरूममध्ये कधीच नाही. पॅराफिन असलेलं त्वचेचं क्रीम लावणाऱ्यांची खास काळजी घ्या. ते कपड्यांत आणि पट्ट्यांत मुरतं आणि कापड झपाट्याने पेटतं, साध्या धुण्याने पूर्ण निघतही नाही. ऑक्सिजन चालू असेल तिथे ज्योत नकोच. विजेच्या दिव्याबद्दल रब्बींना विचारून ठेवा. गरम पाण्याचा अर्न आणि हॉटप्लेट काउंटरच्या आतल्या बाजूला, वायर लोंबती नको. भाजण्याचे प्रसंग इथेच घडतात.

ज्यू व्यक्तीने ज्यू नसलेल्याला शब्बातला 'दिवा लाव' असं सांगण्यावरही बंधन आहे, आजारपणात ते सैल होतं. यावर उपाय म्हणजे आधीच लिहून ठेवणं: बाथरूमचा दिवा रात्रभर चालू, कॉरिडॉरचा टायमरवर, हॉइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) नेहमीसारखा. आणि जिवाला धोका असेल तिथे सगळे नियम बाजूला. ९९९ ला फोन करायला कुणाची परवानगी विचारायची नाही. हे वाक्य प्रत्येक मदतनिसाला पहिल्याच दिवशी सांगा. 'शब्बात आहे, फोन करू का?' या विचारात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

पेसाख आणि योम किप्पुर

पेसाख, म्हणजे आंबवलेलं धान्य वर्ज्य असलेला सण, इस्रायलबाहेर आठ दिवस असतो. तयारी सहा आठवडे आधी, आणि सुरुवात औषधांच्या यादीपासून. औषध कुणी स्वतःहून बंद करायचं नाही. गिळायला त्रास असलेल्यांसाठी द्रव घट्ट करायची पावडर असते. तिच्यातला स्टार्च कशाचा आहे ते पाहून रब्बींकडून उत्तर घ्या. कोरडी मात्सा (या सणातली न फुगवलेली कडक रोटी) अशा व्यक्तीच्या घशात अडकू शकते. स्पीच थेरपिस्टने ठरवलेल्या पातळीला साजेल अशी ती भिजवून किंवा दळून देता येईल का, हे आधीच ठरवा. सेडरच्या (पेसाखच्या विधिवत जेवणाच्या) रात्री टेबलावर ठरवू नका.

योम किप्पुरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास सुमारे २५ तासांचा, पाण्याशिवाय. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं की औषधाची पातळी धोकादायक वाढू शकते. मधुमेह आणि अपस्मारातही धोका आहे. डॉक्टरांचं मत आणि रब्बींचा निर्णय दोन्ही लेखी, आणि व्यक्तीला समजेल अशा भाषेत. 'तू उपास धरायचा नाहीस' एवढंच सांगितलं तर तिला आपण समाजाबाहेर पडलो असं वाटतं. रब्बींनी तिच्याशी स्वतः बोलून 'तुझ्यासाठी खाणं हाच नियम आहे' असं सांगितलं तर ती शांतपणे खाते. ही भेट आठवडाभर आधी ठरवा.

नकार आला तर

योजना मंजूर झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी हलका आढावा होतो, पुढे किमान वर्षातून एकदा. पहिल्या आढाव्याला प्रत्यक्ष मिळालेल्या तासांची नोंद न्या. सिनेगॉगचे साडेतीन तास मंजूर असून माणूस कमी म्हणून किती शनिवार बुडाले, तारखांसकट. काउन्सिलने काही नाकारलं तर कारण लेखी मागा आणि आधी तिथेच तक्रार करा. समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे), प्रकार कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत. न्यायालयीन पुनर्विलोकनाची (काउन्सिलचा निर्णय कायदेशीर होता का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याची) मुदत फार कमी आहे: ताबडतोब, आणि जास्तीत जास्त तीन महिने. तक्रारीच्या उत्तराची वाट बघत बसल्यावर ती निघून जाते, म्हणून नकाराचं पत्र आलं त्याच आठवड्यात सॉलिसिटरला दाखवा. अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या नावाने प्रकरण चाललं तर तिच्या उत्पन्नावर लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) मिळू शकते, आई-वडिलांच्या पगाराचा त्यात अडथळा येत नाही.